सासूच्या हातची शेवंड

वेणूबाईनं नवऱ्याला सांगितलं, जासईला शकुबाईकडं सत्यनारायणाला जाते, आणि नेरूळच्या खाडीवरून ती सरळ होडीत जाऊन बसली. बासष्ट वर्षांची बाई, पण खोटं बोलताना चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. होडी हलली तेव्हा मात्र तिनं खंडोबापासून काळूबाईपर्यंत सगळ्या देवांची नावं घेतली. साताऱ्याकडची माणसं; पाणी विहिरीत असावं नाहीतर हंड्यात, एवढंच त्यांचं म्हणणं. पस्तीस वर्षं खाडीशेजारी राहूनही बाईनं कधी पाण्यावर पाय ठेवला नव्हता.

"घाबरू नका," होडी हाकणारा म्हणाला. तो जाईचा मामा.

"मी न्हाई घाबरत. माझं पोट घाबरतंय," वेणूबाई म्हणाली आणि फळी घट्ट धरून बसली.

जाई म्हणजे वेणूबाईची सून. तिच्या एकुलत्या एका लेकानं, स्वराजनं, ऐरोलीच्या ऑफिसात भेटलेल्या ह्या कोळ्यांच्या पोरीशी दोन वर्षांपूर्वी लग्न केलं आणि बापानं घर डोक्यावर घेतलं. बाप म्हणजे शहाजीराव. मार्केटात पोती वाहून वाहून मुकादम झालेला गडी, पाठ वाकली पण मान नाही. मासळीवाल्यांची पोर आपल्या उंबऱ्याच्या आत येणार नाही, असं त्यानं ठणकावलं. रविवारी सुकटीशिवाय ह्याच माणसाचा घास उतरत नव्हता, पण ते त्याला कोण सांगणार? पोरानं ऐरोलीत भाड्यानं घर घेतलं. वेणूबाई चोरून भेटायला जायची, डब्यात पुरणपोळ्या न्यायची आणि परत येऊन बाजारात गर्दी होती म्हणून सांगायची. स्वतःच्याच लेकाकडं चोरासारखं जायचं ह्याची तिला भारी चीड होती.

आता जाईला सातवा लागला होता आणि ती माहेरी बंदरावर आली होती. त्या बंदरावर एक रीत होती. पहिलटकरणीच्या सासूनं तिथं यायचं, पोटाखाली अंडी धरलेली शेवंड, कोळंबीची मोठी काटेरी बहीण, हातात घ्यायची आणि पाण्यात परत सोडायची. एरवीही अंड्यांची शेवंड तिथं कोणी विकत नसे, तिला सोडूनच देत. पण पहिल्या खेपेची शेवंड सासूच्याच हातची लागे. ज्या पोरीची सासू आली नाही, ती पोर सासरच्यांनी टाकली असं सगळं बंदर धरून चाले. फोनवर हे सांगताना जाईनं 'या' असं एकदाही म्हटलं नाही, आणि तेच वेणूबाईला लागलं.

होडी धक्क्याला लागली. भागीरथी, जाईची आई, गुडघाभर पाण्यात उतरून आली आणि तिनं वेणूबाईला दंडाला धरून वर घेतलं. "विहीनबाई, तुमी आलाव. माजा इस्वास नवता."

"माझा पण नव्हता," वेणूबाई म्हणाली.

बंदर कामात बुडालं होतं. बायका जाळ्यांतून शेवंडी सोडवत होत्या, एकेक काटा सांभाळून, आणि ओल्या गोणपाटाखाली पाट्यांत ठेवत होत्या. लांब मिश्यांचा, हिरवट पाठीचा तो जीव शेपटी आपटायचा तेव्हा वेणूबाई दचकायची आणि मग दचकलेच नाही असं दाखवायची. जाईनं वाकून नमस्कार केला. वेणूबाईनं तिला अर्ध्यातच उचललं. "पोट सांभाळ आधी, पाया पडायला उभा जन्म पडलाय."

पण त्या दिवशीचा घोळ बघा. सकाळपासून तीन होड्या आल्या, पन्नासेक शेवंडी निघाल्या, आणि अंड्यांची एक नाही. आता एकच होडी यायची राहिली होती, बाहेरच्या खडकांवर जाळी टाकणारी. ती कधी येईल ते कोणालाच सांगता येईना.

बारा वाजले तसा मामा आला. "ओहोटी लागली. आता निघालो तर ठीक, नायतर खाडीत चिखल. मग संध्याकालच्या भरतीशिवाय होडी नाय जायाची."

वेणूबाईनं हिशोब केला. आत्ता निघाली तर शहाजीराव मार्केटातून यायच्या आत ती घरी, पदर खोचून, भाकरी थापत. कोणाला पत्ता नाही. संध्याकाळी गेली तर सगळंच उघडं. आणि नवऱ्यानं आधीच बजावलेलं, त्या बंदरावर पाऊल टाकलंस तर ह्या घरात परत नाही.

"जावा तुमी," भागीरथी म्हणाली. "आलाव त्येच लय जालं."

शेजारी बसलेल्या म्हातारीनं जाळ्यावरची नजरही उचलली नाही. "आली म्हंजे काय? सोडल्याबिगर काय खरं नाय."

भागीरथी तिच्यावर डाफरली. जाई गोणपाटाचं टोक उगाच सारखं करत राहिली आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी टपकन गोणपाटावर पडलं. वेणूबाईनं ते पाहिलं. दोन वर्षं ह्या पोरीनं सासऱ्याबद्दल वाकडा शब्द काढला नव्हता, आणि आपण मात्र भाकरी थापायच्या वेळेची काळजी करतोय.

"मामा, तुमी जेवून घ्या," ती म्हणाली. "मी संध्याकाळी जाईन." आणि तिनं एक पालथी पाटी ओढली आणि ठाण मांडून बसली.

तासाभरानं तिनं स्वतःच नवऱ्याला फोन लावला. चोरी उघडी पडण्यापेक्षा आपणच सांगितलेली बरी. "कालवण-भात झाकून ठेवलाय, घ्या वाढून. मी जासईला न्हाई. जाईच्या माहेरी आलीया, बंदरावर."

पलीकडं आधी मार्केटातल्या हमालांवर ओरडल्याचा आवाज आला. मग शहाजीराव म्हणाले, "मग तिथंच राहा. मी दाराला आतनं कडी लावून घेतो."

तेवढ्यात धक्क्यावर ओरडा झाला. खडकांवरची होडी आली होती, आणि ती चालवणाऱ्या तांडेलानं दोन्ही हातांनी एक शेवंड वर धरली होती. तिच्या पोटाखाली नारिंगी अंड्यांचा घोसच्या घोस. सगळ्या बायका कामं टाकून उठल्या.

"फोन ठेवू नका," वेणूबाई नवऱ्याला म्हणाली आणि फोन जाईच्या हातात दिला.

मिश्या धरायच्या नाहीत, पाठीवर धरायचं, भागीरथीनं सांगितलं. वेणूबाईनं धरलं. काटे तळव्यात घुसले, पण वीस वर्षं मार्केटात कांदा निवडलेले हात होते ते, काही केल्या सुटले नाहीत. ती धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर उतरली. गुडघ्यापर्यंत पाणी आलं, लुगडं भिजलं.

"आता मोठ्यानं सांगा, पोर कुनाच्या घरचं," मागून भागीरथी म्हणाली. "घरधन्याचं नाव घ्याला लागतं."

वेणूबाई थबकली. चाळीस वर्षांत उखाण्याबाहेर तिनं नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानात विचारलं तरी ती नुसतं कार्ड पुढं करायची. ती म्हातारीसुद्धा आता मान वर करून बघत होती.

"जाई, फोन पुढं धर गं." मग वेणूबाईनं छाती भरून श्वास घेतला. "माझ्या सुनेच्या पोटातलं पोर शहाजी ज्ञानू पिसाळ ह्यांच्या घरचं हाय. कुणाला कबूल नसंल त्यानं माझ्याम्होरं यावं."

तिनं हात पाण्याखाली नेले आणि उघडले. शेवंडीनं शेपटीचा एक फटकारा दिला आणि ती खाली निघून गेली. भागीरथीनं डोळ्याला पदर लावला. जाईनं सासूला हात देऊन वर घेतलं आणि फोन तिच्या कानाला लावला, कारण वेणूबाईच्या तळव्यांतून रक्त येत होतं.

"नाव घेतलंस?" शहाजीरावांचा आवाज एकदम खाली आला होता. "सगळ्या बंदरासमोर?"

"घेतलं. सगळ्यांनी ऐकलं," वेणूबाई म्हणाली. "आता कडी लावा न्हाईतर भिंत बांधा, आजोबा तुम्हीच."