सहा वाजून सोळा मिनिटं

पत्र तसं लहानच होतं. निळ्या शाईतल्या अकरा ओळी. नऊ वर्षांपूर्वी ते छापखान्यात आलं होतं, आणि वर नाव नव्हतं, नुसतं ‘कॅलेंडर तपासणाऱ्यांस’ असं लिहिलं होतं. कॅलेंडर तपासणारा एकच माणूस होता. सगळे त्याला भिंगकाका म्हणत, कारण डोळ्यापासून भिंग बाजूला केलं की त्याला आपलं काहीतरी उघडं पडल्यासारखं वाटे.

‘तुमच्या कॅलेंडरात पंधरा तारखेचा सूर्यास्त सहा वाजून सोळा मिनिटांनी दिला आहे,’ एका बाईंनी लिहिलं होतं. ‘माझ्या नवऱ्याला मोठ्या बागेतला सूर्यास्त बघायचा होता. चाकाच्या खुर्चीतून त्यांना घेऊन मी सहा आठला तळ्याकाठी पोचले, तर सूर्य गेलेला. रविवारी ते वारले. त्या दिवशी घड्याळाला किल्ली द्यायला मी विसरले होते का, ते मला आठवत नाही. चूक तुमच्या छपाईत होती की माझ्या घड्याळात, एवढंच कळवा.’

एवढंच कळवायचं होतं, आणि तेच भिंगकाकांना जमलं नाही. सूर्यास्ताच्या वेळांचा मूळ तक्ता रद्दीत गेला होता. छपाईचे खिळे जुळवणाऱ्याला विचारलं तर तो उखडला, “माझ्यावर कशाला घालताय?” दुसऱ्या छापखान्यांची कॅलेंडरं आणून पाहिली. त्यांतही सहा सोळाच होतं. पण ती आमच्यावरूनच उचललेली नसतील कशावरून, अशी शंकेची पाल चुकचुकली. चूक आमची, असं लिहावं, तर एका माणसाची शेवटची संध्याकाळ आपण हिरावली. आमचं बरोबर आहे, असं लिहावं, तर त्या बाईने उरलेला जन्म त्या न दिलेल्या किल्लीचा विचार करत काढायचा. काकांनी सहा मसुदे लिहिले आणि सहाही फाडले.

मग निवृत्ती आली आणि काका मुलाकडे राहायला गेले. मुलाचं घर नेमकं त्या बागेसमोर निघालं. हा योगायोग आहे यावरही त्यांचा चटकन विश्वास बसला नाही.

“बाबा, दिवसभर पुस्तकात तोंड खुपसून बसलात तर बुरशी येईल,” असं म्हणून सूनबाई रोज साडेपाचला त्यांना बाहेर काढी. बागेत तळ्याकाठी बाकांची रांग होती. संध्याकाळी तिथे माणसं दाटीवाटीने बसत आणि पाणी तांबूस झालं की आपोआप हळू आवाजात बोलू लागत. काका मात्र रांगेच्या टोकाला, सूर्याकडे पाठ करून बसत आणि पुस्तक उघडत. नऊ वर्षांत त्यांनी एकही सूर्यास्त पाहिला नव्हता.

आणि एक दिवस त्यांना घड्याळवाल्या बाई दिसल्या.

सत्तरीच्या असतील. एकट्या. मनगटावर पुरुषाचं मोठं घड्याळ, पट्टा सैल, तो त्या सारख्या वर सरकवत. उजेड उतरू लागला की त्या घड्याळ बघत, समोर बघत, पुन्हा घड्याळ बघत. मग एकदम उठून, मागे वळूनही न बघता, वेलींच्या मांडवाआड दिसेनाशा होत. नवऱ्याचंच घड्याळ! पत्रातल्या बाईच या, दुसरं कोण असणार?

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाक बदललं. बाईंनीही बदललं. तिसऱ्या दिवशी पुस्तकावरून हळूच नजर टाकली, तर बाई त्यांच्याकडेच बघत होत्या. चौथ्या दिवशी त्या बागेच्या रखवालदाराशी काहीतरी बोलल्या आणि रखवालदाराने काकांकडे मान वळवली. आपलं नाव कळलं, पत्ता कळला, आता जाब विचारणार. काकांना झोप लागेना.

“हल्ली बाबा रोज इस्त्रीचा शर्ट घालून बागेत जातात,” सूनबाई स्वयंपाकघरात नवऱ्याला म्हणाली. “लक्ष असू द्या.”

“या वयात?”

“म्हणून तर म्हणतेय.”

इस्त्रीचा शर्ट काका घालत होते, कारण जाब द्यायचा तर निदान नीटनेटकं असावं, असं त्यांना वाटत होतं.

पत्रातल्याच महिन्याच्या पंधरा तारखेला बाई सरळ त्यांच्या बाकावर येऊन बसल्या.

“माझ्या मुलाने पाठवलंय ना तुम्हाला?” त्यांनी विचारलं.

काकांनी पुस्तक मिटलं. “मी... उत्तर देणार होतो हो. सहा वेळा लिहिलं.”

“कसलं उत्तर?”

“तुमच्या पत्राचं. कॅलेंडरातलं सहा सोळा.”

बाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. “अहो, मी कुणाला पत्रबित्र लिहीत नाही. तुम्ही पाळतीवर नाही आहात? मग सूर्यास्ताला येऊन सूर्याकडे पाठ करून माझ्याकडे काय बघत बसता? त्या रखवालदारालाही मी विचारलं, हा गृहस्थ कोण म्हणून!”

मग काकांनी सगळं सांगून टाकलं. पत्र, तक्ता, चाकाची खुर्ची, किल्ली. बाई ऐकता ऐकता गंभीर झाल्या आणि शेवटी त्यांनी कपाळावर हात मारला.

“कॅलेंडरावर विसंबून या तळ्याकाठी कोण येतं? जरा मागे वळा. ती टेकडी काय शोभेला ठेवलीय? इथे सूर्य दहा मिनिटं आधीच जातो. रोज येणाऱ्या कुणालाही विचारा.”

काका वळले. टेकडीच्या खांद्यावर केशरी रंगाची एक बारीक कड उरली होती. बघता बघता तीही विझली. बाईंनी घड्याळ पुढे धरलं. सहा वाजून सहा मिनिटं.

“मग तुम्ही रोज घाईने जाता कुठे?”

“वर. पाण्याच्या टाकीपाशी. नव्वद पायऱ्या आहेत, तिथून तो पुन्हा दिसतो. मुलाने गुडघ्यांसाठी बंदी घातलीय, म्हणून तर तुमचा संशय आला. हे त्याचंच जुनं घड्याळ. चला, नाहीतर बसा पाठ करून.”

साठाव्या पायरीला काकांना धाप लागली. बाई पुढून ओरडल्या, “पुस्तकं वाचून दम वाढत नाही बरं का!” वर पोचले, आणि टेकडीच्या माथ्यापलीकडे सगळं शहर सपाट पसरलेलं दिसलं. गच्च्या, तारा, धूर, आणि शेवटी सरळ रेघ. त्या रेघेवर सूर्य अख्खा टेकला होता. तळ्यावर विझलेला, तो इथे भला मोठा होता, आणि त्याच्याकडे डोळे न मिटता बघता येत होतं. तो चपटा झाला, अर्धा झाला, मग नुसता ठिपका. काकांनी खिशातून स्वतःचं घड्याळ काढलं. घरून निघताना त्यांनी ते दोनदा लावून घेतलं होतं.

सहा सोळा.

ते पायरीवर खालीच बसले.

“छातीत दुखतंय का?” बाई घाबरल्या.

“नाही. एक संध्याकाळ इथे आलो असतो, तर त्याच आठवड्यात कळलं असतं,” काका म्हणाले. “मी तक्तेच बघत बसलो.”

उतरताना बाई एवढंच म्हणाल्या, “माझ्या मुलाला पायऱ्यांचं सांगू नका.”

“माझ्या सुनेलाही काही सांगू नका,” काका म्हणाले.

सकाळी जपून ठेवलेलं ते पत्र समोर घेऊन काका जेवणाच्या टेबलावर लिहायला बसले.

“कुणाला पत्र, बाबा?” सूनबाईने चहा ठेवता ठेवता विचारलं.

“एका बाईंना.”

सूनबाईने आतल्या खोलीतल्या नवऱ्याकडे बघून डोळे मोठे केले.

‘बाई, तुमचं घड्याळ बरोबर होतं,’ काकांनी लिहिलं. ‘छापलेली वेळही बरोबर होती, पण ती सपाट क्षितिजाची. तळ्यासमोर टेकडी आहे. तिथे त्या तारखेला सूर्य सहा वाजून सहा मिनिटांनी जातो. काल मी स्वतः पाहिलं. तुम्ही कुठेही कमी पडला नाहीत. हे कळवायला मला नऊ वर्षं लागली, आणि त्याला माझ्या भित्रेपणाखेरीज काही कारण नाही.’

चार वेळा वाचल्यावर एक शब्द गाळल्याचं त्यांच्या लक्षात आलं. पुन्हा लिहायला घेतलं तर हा सातवा मसुदा होईल, हे ओळखून त्यांनी पाकीट तसंच चिकटवलं.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी सगळ्या शंका एकदम आल्या. बाई पत्रातल्या पत्त्यावर असतील का? असतील तरी का? पेटी रोज उघडतात ना? काकांनी पाकीट फटीत सरकवलं आणि बोटं तिथेच ठेवली. मागे उभी असलेली मुलगी म्हणाली, “आजोबा, टाकताय ना?”

काकांनी बोटं सोडली.