एका वेळी एकच मंत्र

मी स्ट्रायकर बोलतोय. हो, कॅरमचाच. पण कॅरमवर मी आता फिरकतही नाही, आणि त्याचं मला काडीचंही दुःख नाही. आज माझ्याकडे त्याहून मोठं काम आहे.

कारखान्यातल्या साच्यात माझा जन्म झाला. रत्नागिरीच्या बाजारातून अरीबने मला घरी आणलं. त्याला मी बक्षिसं जिंकून दिली. मग एकदा फरशीवर आपटलो, कडेचा टवका उडाला, आणि लगेच माझ्या जागी नवा आला. खिळे, रबरबँड आणि संपलेली पेनं यांच्यासोबत मी खणात पडून राहिलो. माणसांचं असंच असतं. सरळ धावतोय तोवर हातात, जरा कलला की खणात.

तिथून मला अरीबच्या धाकट्या बहिणीने, उमैमाने काढलं. रविवारी दुपारी मांडवीला आसियाआपाच्या पडवीत चौघं जमतात आणि कल्पनेतल्या राज्याचा खेळ खेळतात. आपा गोष्ट सांगते, संकटं उभी करते, नियम बघते. बाकीचे आपापलं पात्र चालवतात. अरीबचा हैबत नावाचा तलवारबाज, त्याचा दोस्त रितेश याचा तिरंदाज आणि उमैमाची जादूगारीण. साधलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो.

या खेळातले काही मंत्र म्हटले आणि झालं असे नसतात. ते मनात धरून ठेवावे लागतात. तीच एकाग्रता. उमैमा हे विसरायची, एक मंत्र धरलेला असताना दुसरा धरायची, मग भांडणं. म्हणून मला तिच्यापुढे ठेवायचं ठरलं. मी पुढ्यात आहे म्हणजे मंत्र चालू आहे.

रितेशला वाटायचं, एकाग्रता म्हणजे डोळे मिटून पुतळ्यासारखं बसणं. उमैमाने त्याला झापलं. "सुकाणू धरलेला तांडेल गप्पा मारत नाय काय रे? चालता येतं, बोलता येतं, तलवारसुद्धा मारता येते. फक्त दोन होड्यांची सुकाणू एकदम धरता येत नाहीत!"

एवढाच नियम. दुसरा तसला मंत्र धरलात की पहिला सुटला. आणि अंगावर घाव बसला तर फासा टाकायचा. निदान दहा हवेत. घाव मोठा असेल तर त्याच्या निम्मे. कमी पडले की मंत्र तुटला.

याला पोरखेळ म्हणणारे पडवीवरून जाताना मी ऐकले आहेत. जेवताना फोन, बोलताना फोन, मयतीलाही फोन, आणि हे आम्हाला शिकवणार! एक गोष्ट, एका माणसासाठी, मार खात धरून ठेवणं कसं असतं ते मी गेल्या रविवारी पाहिलं.

अरीब बुधवारी मस्कतला नोकरीला निघायचा होता. दोन वर्षं तरी येणार नव्हता. "माझ्या हैबतला जिवंत ठेवा," तो येताच म्हणाला. "परत आलो की त्यालाच घेऊन बसणार." आपाच्या खेळात मेलेलं पात्र परत येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

गोष्टीत शत्रूची गलबतं किनाऱ्याला लागत होती. गाव जागं करायला उंच बुरुजावरची घंटा वाजवायची होती, आणि वर जायला जिना नव्हता. उमैमाने मला पुढ्यात ओढलं आणि उडण्याचा मंत्र म्हटला. हैबत हवेत चढला. खाली कातळावर एक मगरतोंड्या राक्षस जादूगारणीवर धावून आला.

पहिला घाव बसला. उमैमाने फासा टाकला. तिच्या दणकटपणाचे दोन धरून तेरा झाले. दहा पुरे होते. मी जागचा हललो नाही. अरीब ओरडला, "घंटा वाजवली!"

"अगो, आता त्या मगरीला थिजव ना!" रितेश म्हणाला. "तो मंत्र हाय ना तुझ्याकडे? नायतर मरशील!"

"तोही धरावा लागतो. तो धरला तर भाई वरून खाली."

"मग मार खा."

"खाते."

राक्षसाने दुसरा घाव घातला, सव्वीसचा. आता तेरा हवे होते. फासा घरंगळत कपबशीला टेकला. दहा. वरचे दोन धरून बारा.

तेराला एक कमी. मग रितेश म्हणाला, "एकाने काय होतंय, आपा! बिचारा बुधवारी चाललाय."

आपाने अरीबकडे पाहिलं. "चालवून घेऊ या वेळी," ती हळूच म्हणाली.

उमैमाच्या डोळ्यांत पाणी होतं. पण तिनेच मला उचललं आणि बाजूला ठेवलं. इतकी बक्षिसं जिंकली, पण त्या दोन बोटांत असताना वाटला तेवढा अभिमान मला कधी वाटला नव्हता.

पडून किती लागलं ते ठरवणारे फासे अरीबने स्वतः टाकले. हैबत कातळावर पडला आणि मेला.

"भाई, मी..." उमैमा म्हणू लागली.

"रडतेस काय, वेडे? तू सोडलं नाहीस. तुटलं." अरीबने तिच्या डोक्यावर टपली मारली. "सोडलं असतंस तर मस्कतहून रोज फोन करून शिव्या दिल्या असत्या."

"तशाही देशीलच," रितेश पुटपुटला.

अरीबने कोरा कागद ओढला आणि निघण्याआधी नवं पात्र लिहून ठेवलं. यावेळी जादूगार. "आल्यावर मंत्र मी धरणार, मार मी खाणार. उमैमा, तू उड."

म्हणजे आता दोन जादूगार झाले, आणि मी एकटा. तेव्हा वाचकहो, घरात खण उघडून बघा. तिथे माझा कुणी भाऊबंद पडला असेल तर मांडवीला पाठवून द्या. दोन वर्षं आहेत हातात. नियम मी शिकवीन.