हलका दणका

पाच गोळ्या झाडून झाल्यावर सेन्झेनीच्या लक्षात आलं, की दुसऱ्या आणि चौथ्या गोळीचा दणका खांद्याला जेमतेम जाणवला होता. बाकी तिन्ही वेळा रायफलीने तिला पाऊलभर मागे ढकललं होतं.

"बघ, तयार झाला तुझा खांदा," बाबा मसुकू खुशीत म्हणाले. "मी सांगत होतो ना, होते सवय."

"खांदा एक गोळी सोडून एक तयार होतो का, बाबा?"

"मास्तरकी करू नकोस. काडतुसं उचल."

सेन्झेनीने सहा वर्षं बिंगाच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं होतं. ती नोकरी सोडून ती सेंगवा नदीकाठच्या या शिकारी तळावर आली आणि दोन वर्षं मसुकूंच्या हाताखाली शिकारीचा पेशा शिकली. सोमवारी तिची परवान्याची परीक्षा होती: हत्ती किंवा रानरेडा, पायी, जवळून, परीक्षकांच्या देखत. अर्जावर गुरूची सही लागायची आणि रायफल कोणती, काडतूस कोणतं, तेही गुरूनेच लिहायचं असायचं. अडतीस वर्षांत कुणाला हात लावू न दिलेली आपली ४५८ बोअरची रायफल मसुकूंनी तिला देऊ केली होती. सोबत पत्र्याच्या डब्यातली वीस जुनी काडतुसं. तिला स्वतःला तळावरची ३७५ हवी होती, पण मसुकू ऐकायला तयार नव्हते.

"हिची गोळी बत्तीस ग्रॅमची, तिची एकोणीस. धावत येणाऱ्या जनावरापुढे एकोणीस ग्रॅम घेऊन उभी राहणार असशील तर माझी सही मागू नकोस."

एवढा मान देणाऱ्या माणसाला नुसतं नको म्हणणं तिला जमणारं नव्हतं. पण तो हलका दणका तिच्या डोक्यातून जाईना. रायफल जितकी मागे ढकलते, तितक्याच जोराने गोळी पुढे गेलेली असते. दणका हलका म्हणजे गोळी हळू. त्यात खांद्याचा काही संबंध नव्हता.

त्याच दिवशी, गुरुवारी दुपारी, तिने स्वयंपाकघरातून जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मागून आणले. शाळेतून येताना तिने ते चूल पेटवायला म्हणून आणले होते. स्वयंपाकीण मांद्लोवू कुरकुरली, "आणि मी काय पेटवू? तुझी परीक्षा?" सेन्झेनीने गठ्ठे पिंपात भिजत घातले. शनिवारी सकाळी वीतभर जाडीचे आठ ओले गठ्ठे लाकडी खोक्यात एकामागे एक बसवले. त्यांच्यापुढे तिवईवर गोळीचा वेग दाखवणारी छोटी पेटी ठेवली. गेल्या हंगामात शिकारीला आलेला एक पाहुणा ती मागे विसरून गेला होता.

माग काढणारा मुदेंदा लंगडत आला आणि खोक्यात वाकून पाहू लागला. तो टोंगा जमातीचा, मसुकूंच्याच वयाचा; मसुकू एन्देबेले, आणि दोन्ही जमातींची एकमेकांची थट्टा जुनीच. "या पोराने लिहिलंय, आवाज उजेडापेक्षा जोरात जातो. एन्देबेले असणार."

"टोंगा आहे," सेन्झेनी म्हणाली. "तुझ्या भावाचा मुलगा."

मसुकू हाताची घडी घालून उभे होते. "कागद म्हणजे रेड्याचं डोकं आहे का?"

"नाही, बाबा. पण दोन्ही गोळ्यांना कागद एकच आहे."

तिने आधी ३७५ झाडली. पेटीवर आकडा उमटला: सेकंदाला सातशे छप्पन मीटर. गोळी सातव्या गठ्ठ्यात सापडली. मग तिने ४५८ उचलली, डब्यातलं जुनं काडतूस भरलं, चाप ओढला. दणका कडक. सहाशे अडतीस. ही गोळीही सातव्यात. मसुकूंची हनुवटी वर झाली.

"अजून एक," सेन्झेनी म्हणाली.

या वेळी दणका मऊ आला. आवाजही बसका. चारशे बावन्न. मुदेंदाने एकेक गठ्ठा उलगडला आणि चौथ्यातच गोळी हाताला लागली. पुढची चारशे सत्तर, तीही चौथ्यात. त्यापुढची पुन्हा सहाशेवर. गेले दोन दिवस कागदावर आखलेली गोष्ट तिच्यासमोर ओल्या कागदात उघडी पडली होती.

तिने एक काडतूस पकडीत धरून गोळी अलगद उपटली आणि कवच तळहातावर उलटं केलं. आतली दारू साखरेसारखी सळसळत पडायला हवी होती. काहीच पडलं नाही. काडीने खरवडल्यावर पावसाळ्यातल्या मिठासारखा एक घट्ट खडा बाहेर आला.

"फार दाबून भरलीय. त्यात इतकी वर्षं उन्हात, गाडीत. हिचा गोळा झालाय. सगळी जळत नाही. रायफलीत काही दोष नाही, बाबा. काडतुसं मेलीत. काही मेलीत, काही जिवंत आहेत, आणि बाहेरून सगळी सारखीच दिसतात."

मसुकूंनी तो खडा बोटात घेतला. दाबून पाहिला. फुटला नाही.

"याच डब्यातली होती," ते म्हणाले.

कोणती, ते सगळ्यांना ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी एक जखमी रेडा झुडपातून मसुकूंवर आला होता. त्यांनी बारा पावलांवर गोळी झाडली, पण रेडा थांबला नाही. बाजूला उभ्या मुदेंदाची मांडी त्याने शिंगाने फाडली आणि दुसरी गोळी मानेत शिरली तेव्हा कुठे पडला. तेव्हापासून मसुकू सांगत आले होते, की माझा नेम चुकला. तेव्हापासून त्यांनी रेड्याच्या शिकारीला पाहुणे नेले नव्हते.

"मी त्याच्या तोंडाखाली पडलो होतो," मुदेंदा म्हणाला. "भोक नाकावर होतं, बरोबर मधोमध. तेव्हाच सांगितलं होतं तुला."

"मला वाटलं, माझं मन राखायला म्हणतोयस."

"टोंगा माणूस एन्देबेलेचं मन राखेल? ताप होता मला, मसुकू, वेड नव्हतं लागलं."

मसुकू हसले नाहीत. दोन-तीनदा त्यांनी तो खडा एका हातातून दुसऱ्या हातात केला. मग म्हणाले, "म्हणजे नेम चुकला नाही. काडतूस निवडायला चुकलो. ते जास्त वाईट." त्यांनी अर्जाचा कागद खिशातून काढला, पाहिला आणि परत खिशात घातला. "ताजी काडतुसं बुलावायोहून सोमवारपर्यंत येणार नाहीत. तेव्हा तुझी ३७५. पण कागद अंगावर येत नाही, पोरी. चाळीस पावलांवरून डोकं धावत येईल. ते तुझ्यापर्यंत पोचायच्या आत दोन गोळ्या, दोन्ही वर्तुळात. मगच सही."

अर्ध्या तासात सगळा तळ कामाला लागला. जुन्या गाडीच्या बॉनेटचा पत्रा जमिनीवर घसरेल असा वाकवला, त्यावर पुठ्ठ्याचं डोकं उभं केलं आणि जिथून गोळी थेट मेंदूत शिरते त्या नाकावर संत्र्याएवढं वर्तुळ काढलं. मुदेंदाने रंगवलेला रेडा गायीसारखा दिसत होता, म्हणून मांद्लोवूने कोळसा घेऊन त्याचे डोळे स्वतः काढले. "असा बघतो मेला," ती म्हणाली. दोर सेन्झेनीच्या मागे असलेल्या 'मोपाने' जातीच्या झाडावरच्या कप्पीतून नेऊन गाडीला बांधला. मुदेंदा गाडी चालवायला बसला.

मसुकूंनी हात खाली टाकला. गाडी गुरगुरली आणि पत्रा धूळ उडवत सुटला. चाळीस पावलं किती कमी असतात! डोकं उड्या मारत मोठं होत गेलं. तिने पहिली झाडली, पुढचं काडतूस चढवायला खटका मागेपुढे ओढला, दुसरी झाडली. पत्रा तिच्या बुटाजवळून सरपटत गेला आणि मसुकूंना उडी मारून बाजूला व्हावं लागलं.

दुसरी गोळी वर्तुळात होती. पहिली दोन बोटं वर.

"पहिली वर गेली," सेन्झेनीच आधी म्हणाली. "रेडा थांबला नसता."

"नसता." मसुकूंचा हात खिशाकडे गेला नाही. "डोळ्यांकडे बघितलंस ना?"

"हो."

"मांद्लोवूने काढले, कोण बघणार नाही? पण डोळे बघितले की गोळी डोळ्यांच्या वर जाते. तो तोंड पुढे काढून येतो. नाकाचा ओला भाग बघायचा, बाकी काही नाही. आणि खटका ओढताना रायफल खाली आणतेस. गालाला चिकटून राहू दे. ही हलकी आहे, राहील."

तीन वर्षांत या विषयावर ते पहिल्यांदाच इतकं बोलले होते. सेन्झेनीने मान डोलावली, काडतुसं भरली आणि जागेवर जाऊन उभी राहिली.

या वेळी तिने डोळे पाहिलेच नाहीत. कोळशाचं काळं नाक उसळत आलं, एवढंच. पहिली गोळी सुटली. गाल दस्त्याला चिकटूनच राहिला, खटका मागे, पुढे, नाक अजून समोरच होतं, अजून मोठं. दुसरी. मुदेंदाने ब्रेक दाबला तेव्हा पत्रा तिच्यापासून सहा पावलांवर होता.

मांद्लोवूच सगळ्यांच्या आधी पळत पोचली. तिने वर्तुळातल्या एका भोकात बोट घातलं आणि शेजारच्या भोकातून दुसरं बोट काढून दाखवलं.

मसुकूंनी अर्ज गाडीच्या टपावर पसरला. रायफलीच्या रकान्यात त्यांनी ३७५ लिहिलं. काडतुसाच्या रकान्यात 'ठोस गोळी, याच वर्षीची' असं लिहून शेवटच्या दोन शब्दांखाली रेघ मारली. खाली सही केली.

सेन्झेनीने कागद घेतला. आभार कसे मानावेत याचा ती विचार करत होती, तोच त्यांनी तिच्या हातातली रायफल काढून घेतली.

"मुदेंदा, दोर मागे घे," ते म्हणाले. "आणि मघापेक्षा जोरात सोड. पोरी, तू जरा बाजूला हो."