सव्वातीनची गळती

मशीनच्या कडेची छोटी झडप झोपेच्या दवाखान्यातल्या मुलीनं नखानं उघडली, आतलं कार्ड काढलं आणि कॉम्प्युटरला लावलं. समोर ड्रायव्हर खुर्चीच्या कडेला टेकून बसला होता. निकालाच्या दिवशी नापासाच्या भीतीनं मुलं बसतात तसा, दोन्ही हात गुडघ्यांत घालून.

"काका, मशीन रोज लावता ना?"

"रोज. साडेदहाला लावतो, साडेपाचला काढतो. घरी विचारा हवं तर."

"विचारायला कशाला हवं, इथं दिसतंय की. सात-सात तास. मग आता कसं वाटतं?"

"कसं वाटणार? काल टायरची हवा तपासता तपासता त्याच टायरला टेकून झोपलो. वॉशिंगवाल्यानं पाणी मारलं तेव्हा उठलो."

मुलगी हसली आणि लगेच गंभीर झाली. या माणसाला हसण्यावारी नेणं बरं नव्हे, हे तिला ठाऊक होतं. डेपोत त्याला भोंगा म्हणत. आरामखोलीत तो आडवा होऊन घोरायला लागला की बाकीचे ड्रायव्हर उशा उचलून उभ्या बसमध्ये झोपायला जात. एकोणतीस वर्षं ही थट्टा चालली आणि त्यालाही तिचं काही वाटलं नाही. मग एका सकाळी सिग्नल हिरवा झाला तरी त्याची गाडी हलेना. मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजले, शेवटी एका म्हातारबुवांनी खांद्याला हात लावला तेव्हा त्याचे डोळे उघडले. बस भरलेली होती. कुणी तक्रार केली नव्हती. फेरी संपवून तो स्वतःच साहेबांकडे गेला आणि म्हणाला, "मला गाडीवरून उतरवा."

तपासण्यांत निघालं ते असं : झोपेत त्याचा घसा मिटायचा, श्वास अडायचा आणि गुदमरून जाग यायची, रात्रीतून शेकडो वेळा. त्याला मात्र सकाळी त्यातलं काही आठवत नसे. उपाय म्हणून हे मशीन आलं. नाकावर मास्क, मास्कला नळी, नळीतून रात्रभर हवेचा दाब. तीन महिने झाले होते. पुढच्या महिन्याच्या अखेरीस इथला कागद चांगला आला तरच डेपोचे डॉक्टर 'फिट' लिहिणार होते. नाहीतर निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं टायर आणि वॉशिंग. त्याला स्टिअरिंग परत हवं होतं. तेवढंच हवं होतं.

मुलीनं आतापर्यंत सगळं करून पाहिलं होतं. मास्कचं माप दोनदा बदललं, तोंड उघडं राहू नये म्हणून हनुवटीचा पट्टा दिला, हवेचा दाब कमी-जास्त केला, संध्याकाळनंतरचा चहासुद्धा बंद केला. आज तिनं एकेक रात्र वेगळी उघडून पाहिली आणि खुर्ची पुढे ओढली.

"हे बघा. रात्रीतून पाच-सहा वेळा हवा गळते. थोडी थोडी नाही, एकदम. मास्क कुणी उचलावा तशी. मिनिटभर, आणि मग परत ठीक. तेवढ्यानं तुमची झोप मोडते, तुम्हाला कळत नाही इतकंच."

"म्हणजे मीच काढतो की काय?"

"खूप लोक काढतात झोपेत. असं करा, काकूंना सांगा, पंधरा दिवस तुमच्यावर लक्ष ठेवायचं."

घरी आला तेव्हा बायको खिडकीपाशी शर्टांचा गठ्ठा घेऊन बसली होती. एका शिलाईच्या दुकानाची काज-बटणं ती वर्षानुवर्षं करत असे आणि तिच्या हातचं बटण शर्ट फाटला तरी निघत नाही, अशी तिची ख्याती होती. अलीकडे मात्र दुकानातून माल परत यायला लागला होता. बटण एका ओळीत, काज दुसऱ्या ओळीत.

"म्हातारी झालीस तू," तो म्हणाला.

"तुमच्यामागोमागच."

मग त्यानं तिला गळतीचं सांगितलं. "रात्री जरा माझ्यावर लक्ष ठेव. मी मास्क काढतो का बघ."

ती सुईत दोरा ओवत होती. दोरा एकदा हुकला, दुसऱ्यांदा हुकला. तिनं तो ओठांत धरून ओला केला.

"ठेवते," ती म्हणाली.

पंधरा दिवसांनी ती त्याच्याबरोबर गेली. काय दिसलं ते तिनंच सांगितलेलं बरं, असं त्यानं ठरवलं होतं. वाटेत तो सारखा बोलत होता आणि ती पर्सची चेन उघडत-मिटत होती.

मुलीनं कार्ड लावलं आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे काय काका? दुप्पट झालं! अकरा वेळा. काल तर बारा."

त्याचा चेहरा उतरला. घसा मिटणं बरं, निदान त्यात आपला हात नसतो. स्वतःच्याच हातानं स्वतःची गाडी घालवायची म्हणजे हद्द झाली. तो बायकोकडे वळला. "तुला काही दिसलं नाही? मी काढताना?"

"तुम्ही नाही काढत."

"मग काय भुतं काढतात?"

ती पडद्यावरच्या आकड्यांकडे पाहत होती. बाराचाळीस. सव्वा. दोन. सव्वातीन. भिंतीवरच्या घड्याळात तिनं ते सगळे पाहिलेले होते.

"ते मी," ती म्हणाली.

बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला गेला.

"आधी घोरायचे," ती मुलीला म्हणाली. नवऱ्याकडे तिनं पाहिलंच नाही. "तेव्हा कळायचं, आहेत. मध्येच थांबलं की मी कोपर मारायची, की परत सुरू. एकतीस वर्षं मारलंय कोपर. झोपेतसुद्धा मला कळायचं, आता थांबलं. आणि आता हे. सगळं गप्प. मशीन सूं करतं, पण ते मशीनचं झालं. माणूस आहे की नाही, हे ते थोडंच सांगतं? म्हणून मास्क जरासा उचलते, नाकाखाली बोट धरते. वारा लागला की ठेवते परत जाग्यावर."

"छातीवर हात ठेवून बघायचं ना काकू."

"ठेवला होता एकदा. दचकून उठून बसले. म्हटलं, डॉक्टरांनी इतकं सांगितलंय, झोप मोडायला नको."

मुलीनं ओठ आवळून घेतले.

"माझे वडील झोपेतच गेले," बायकोनं पुढं सांगितलं. "सकाळी नऊपर्यंत सगळे म्हणत होते, आज किती शांत झोपलेत."

ड्रायव्हरला राग यायला हवा होता. तीन महिने मास्कला दोष दिला, पट्ट्याला दिला, बिचाऱ्या चहालाही सोडलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि वर त्यानंच तिला लक्ष ठेवायला सांगितलं, म्हणून तिनं ते दुप्पट ठेवलं. पण राग काही येईना. तो तिच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे पाहत राहिला. ही कधीपासून होती?

"तू झोपतेस कधी गं?"

"लागतो की डोळा. दुपारी. काज करताना."

परत आलेले शर्ट त्याला आठवले, आणि आपण केलेला विनोदही.

मुलीनं टेबलावरचं मशीन सुरू केलं. मास्क ड्रायव्हरच्या नाकावर चढवला आणि त्याच्या बायकोला जवळ बोलावलं. "काकू, कान द्या. श्वास आत घेतला की आवाज थोडा बदलतो. सोडला की परत खाली येतो."

बायकोनं कान दिला. तिला काही कळलं नाही.

"घरी शिकवतो," मास्कमधून ड्रायव्हर म्हणाला.

त्याच दुपारी चार वाजता, खिडकीतून ऊन येत असताना, तो मास्क लावून पलंगावर आडवा झाला आणि ती उशाशी स्टूल घेऊन बसली. एकोणतीस वर्षं गाडीचं दुखणं तो कानांनी ओळखत आला होता. "चढ लागला की इंजिन कसं ओढतं? तसं. आता चढ. आता उतार. ऐकलंस?"

"नाही."

"मशीनच्या मागं कान ने. चढ. उतार."

दहाएक मिनिटांनी तिची मान आपोआप हलायला लागली, वर, खाली. तिला कळलं होतं. परीक्षा घ्यावी म्हणून त्यानं श्वास रोखून धरला. आवाज सपाट झाला. त्याच क्षणी तिचं कोपर त्याच्या बरगडीत बसलं, असं की तो कळवळला.

"अगं, गंमत केली!"

"असली गंमत परत करायची नाही," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं लपवलं नाही. त्यानं तिचा हात घेतला आणि आपल्या उशाजवळ ठेवून घेतला. चढ, उतार, चढ, उतार. तो झोपला. साडेपाचला उठला तेव्हा ती स्टुलावर बसल्या बसल्याच पलंगाच्या कडेला डोकं टेकून झोपली होती. दुकानाचा माणूस शर्ट न्यायला आला, तर त्यानं त्याला दारातूनच परत पाठवलं.

महिन्याच्या अखेरीस तो एकटाच गेला. बायकोकडे माल साचला होता आणि आता ती तो दिवसाउजेडी आणि दिव्याखालीही झपाझप उरकत होती.

मुलगी एकेक रात्र पुढे सरकवत गेली. गळती नाही. गळती नाही. श्वास अडण्याच्या खुणा जवळजवळ पुसलेल्या. तिचा चेहरा उजळत गेला आणि एका रात्रीवर थबकला.

"परवा हे काय? सव्वातीनला मास्क पूर्ण काढलेला. चार मिनिटं. काकू परत जागल्या का?"

"छे. ती गाढ झोपली होती."

"मग?"

तो टेबलावरच्या पेनाशी चाळा करत राहिला. डेपोला द्यायचा फॉर्म तिथंच पडला होता, मुलीच्या सहीची जागा कोरी.

"ते मी," तो म्हणाला. "जाग आली सहज. तर ती घोरत होती. एवढंसंच. मशीनच्या आवाजात नीट ऐकू येईना, म्हणून काढला मास्क."

मुलीनं त्याच्याकडे पाहिलं. "चार मिनिटं?"

"मध्ये एकदा थांबल्यासारखं वाटलं."

"मग?"

"मग काय. कूस बदलली तिनं, परत सुरू. मीही मास्क लावला आणि झोपलो."

मुलीनं पडद्यावरची ती रात्र बंद केली आणि फॉर्म पुढे ओढला. सही करता करता ती म्हणाली, "काका, पुढच्या वेळी काकूंनाही घेऊन या. एकदा त्यांचीही तपासणी करू."

"आणतो," तो म्हणाला. कागदाची घडी त्यानं खिशात ठेवली आणि उठायचं सोडून तिथंच बसून राहिला. मग त्यानं विचारलं, "तोवर रात्रीचं मी काय करायचं?"