पाकिस्तानातले पंचवीस एकर

रुपचंद मास्तराची जिरली कशी, हे सांगायचं तर आधी तो माणूस नीट ओळखून घ्या. धरणगावपासून दोन कोसांवरच्या गावात प्राथमिक शाळेत तो शिकवायचा. सगळे त्याला नाना म्हणत. घरात, ओट्यावर, बाजारात तो चारचौघांसारखी अहिराणी बोले. पण कागदाची गोष्ट निघाली की एकदम शुद्ध बोलू लागे. नाना शुद्ध बोलायला लागला की समोरच्यानं आपली जमीन, गोठा, विहीर जे काय असेल ते घट्ट धरून बसावं, हे भिकूबाईला कळलं. पण कळायला उशीर झाला होता.

भिकूबाई नानाच्या धाकट्या भावाची, अभिमनची बायको. अभिमन फौजेत होता. एकाहत्तरच्या लढाईत त्याची पलटण राजस्थानची सरहद्द ओलांडून सिंधच्या वाळवंटात शिरली, छाछरोकडचा मुलूख ताब्यात आला आणि पलटण तिथेच मुक्कामाला राहिली. माणसं पळून गेलेली, घरं उघडी, विहिरींवर कोणी नाही. रिकामी गावं राखत बसलेल्या शिपायांच्या तोंडी मग वावड्या उठू लागल्या. कोणी म्हणे, हा मुलूख आता आपलाच. कोणी म्हणे, सरकार फौजींना इथेच वसवणार, माणशी पंचवीस एकर देणार. लेखी कोणीच काही दिलं नव्हतं. पण अभिमनला कागदाची गरज नव्हती. त्यानं एक विहिरीजवळचं शेत पसंत केलं, पावलांनी मोजलं आणि चारी कोपऱ्यांना दगड रोवून ठेवले.

बाहत्तरच्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तो रजेवर आला तेव्हा जमिनीवर पाय नव्हते त्याचे. आमरसाच्या पंगतीत बसून गावाला सांगत होता, तिकडे बाजरी कशी घेणार, घर कुठे बांधणार, बैल कुठून नेणार. नाना मान डोलावत ऐकत होता. दुसऱ्या दिवशी तो शुद्ध बोलू लागला.

“अभिमन, तुझ्या नावावर इथेही जमीन दिसली तर सरकार तिकडची देणार नाही. म्हणेल, याला कशाला? इथला हक्क सोडून दे. कागद स्वच्छ ठेव.”

नाल्याकाठचं सहा एकर, विहिरीसकट, अभिमनच्या वाट्याचं होतं. भिकूबाई चुलीपाशी होती. ती म्हणाली, “आगुदर तिकडनी हाती तं येऊ द्या.”

“तुले काय समजस त्यामा?” अभिमन म्हणाला, आणि इस्त्रीचा युनिफॉर्म घालून नानाबरोबर गेला. नानाच्या नावे केलेल्या हक्कसोडपत्रावर त्यानं सही केली, तीही हवालदाराच्या ऐटीत.

जुलैत दोन्ही देशांचा करार झाला. घेतलेला मुलूख परत द्यायचा ठरलं. डिसेंबरात पलटण माघारी आली आणि अभिमन घरी येऊन भावापुढे उभा राहिला. नानानं चष्मा पुसला. म्हणाला, “सरकारनं तुला फसवलं, अभिमन. मी नाही. आणि झालेला कागद मी कसा फाडू?”

भाऊ कागद फाडू शकत नव्हता, पण भावजयीला त्याच शेतात निंदणीला बोलवू शकत होता. घर चालवायचं होतं. अभिमनच्या पगारातून महिन्याला येई ते कधी पुरे, कधी नाही. भिकूबाई मजूर बायांच्या ओळीत बसून स्वतःच्या शेतातलं गवत काढू लागली. जेठाणी इंदिराबाई, म्हणजे नानाची बायको, बांधावर छत्री घेऊन उभी राही आणि सगळ्या बायांना ऐकू जाईल असं विचारी, “काय वं भिकू, तुन्हा पाकिस्तानमा पानी पडनं का?”

बाया खुरपी टाकून हसत. भिकूबाईला तेव्हा हातातलं खुरपं जेठाणीच्या नरड्यात खुपसावंसं वाटे. एकदा नव्हे, दरवेळी वाटे. गावात ‘पाकिस्तानवाली’ हेच तिचं नाव पडलं. अभिमन पेन्शनीवर आला, ओट्यावर खाली मान घालून बसू लागला, पण भिकूबाईची मान खाली गेली नाही. ती वाट पाहत होती. कशाची, ते तिलाही माहीत नव्हतं.

अठ्ठ्याऐंशी साली एक लखोटा आला. माजी सैनिक म्हणून अभिमननं कधीकाळी सरकारी जमिनीसाठी अर्ज केला होता, तो मंजूर झाला होता. दहा एकर. धुळे जिल्ह्यात, शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. उताऱ्यावर शेरा होता, पडीक. अभिमन जमीन बघायला गेला आणि दोन दिवसांनी आला तो पाणीही न पिता भिंतीला टेकून बसला.

“तठे लोके शेतस,” तो म्हणाला. “पावरा आदिवासी लोके. तीन पिढ्यापासून कसतस. पडीक नही, काही नही. मका उभा शे, घर शे, जनावरे शेतस. सुमली नावनी बाई शे, तिनी माले भाकर दिधी, ताक दिधं. मी तिले सांगी उनू, पेरा, मी येवाव नही.”

“असं कसं सांगी उनात?” भिकूबाई उसळली. “सरकार देस, अन् तुम्ही सोडी देतस?”

तेव्हा अभिमननं सतरा वर्षांत न सांगितलेली गोष्ट सांगितली. छाछरोकडच्या ज्या शेताला त्यानं दगड रोवले, त्याचा मालक पळून गेलेला नव्हता. म्हातारा होता. रोज सकाळी टेकाडामागून येई आणि दगडाच्या पलीकडे उकिडवा बसे. बोलत काही नसे, नुसता आपल्या शेताकडे बघे. पाचव्या दिवशी अभिमननं त्याला बंदुकीच्या दस्त्यानं ढकलून हाकललं. म्हातारा पडला, उठला, गेला आणि पुन्हा आला नाही.

“माले ती जमीन कसाले भेटनी नही, ते माले माहीत शे,” अभिमन म्हणाला. “आते परत तेच नही करनं.”

नवऱ्याचे डोळे भरलेले भिकूबाईनं पाहिले. तिला त्याची कीव आली, राग आला, आणि मग हळूहळू तिच्या डोक्यात भलतंच काही शिजू लागलं. दहा एकर जमीन. कागदावर पडीक. आणि जिथे कोणी बाहेरचा पाय ठेवू शकणार नाही अशी. नानासाठी देवानंच बनवून ठेवल्यासारखी.

चार दिवसांनी ती नेमकी इंदिराबाई असेल तेव्हा विहिरीवर गेली आणि दुसऱ्याच एका बाईला सांगू लागली. काळी जमीन, शेजारी नाला, दहा एकर. अन् आमचं माणूस एवढं खुळं की म्हणतं, लांब आहे, नको. इंदिराबाईची घागर भरून वाहू लागली तरी तिचं लक्ष नव्हतं.

नाना तिसऱ्या दिवशी आला. आला आणि शुद्ध बोलू लागला तेव्हा भिकूबाईला हसू दाबण्यासाठी पदर तोंडाला लावावा लागला.

“अभिमन, या वयात तू तिकडे राहायला जाणार का? मी निवृत्त झालोय, माझी मुलं करती आहेत. तू ताबा मला लिहून दे. मोबदल्याचं काय करायचं ते आपण घरातल्या घरात बघू.”

“घरमानं घरमा नही, नाना,” भिकूबाई म्हणाली. “नालाकाठनं सहा एकर आम्हना नाववर करी द्या. पक्कं खरेदीखत. आगुदर ते, मंग आम्हना कागद.”

नानानं मनात हिशेब केला. सहा देऊन दहा. शिवाय नाल्याकाठच्या विहिरीचं पाणी दोन उन्हाळे खाली गेलं होतं. त्यानं उतारा दोनदा वाचला, शेरा बोटानं चाचपला आणि तो खूश झाला. जमीन बघायला मात्र गेला नाही. मास्तर माणूस, कागद पाहिला म्हणजे जमीन पाहिली, असं तो जन्मभर मानत आला होता.

अडला तो अभिमन. “मी सुमलीले शब्द दिधा,” म्हणून हटून बसला.

“तुम्हना शब्द कोठे मोडस?” भिकूबाई त्याच्यासमोर येऊन बसली. “तुम्ही तठे जातस का? नही. नाना जाई. ते लोके त्याले उभं तरी राहू देतीन का? पहिलाच दिवस पळाले लावतीन. त्यास्नं काही जास नही, आपलं परत येस. त्या टाइमले तुम्ही मन्हं ऐकं नही. आते तरी ऐका.”

अभिमनची नजर तिच्या हातांकडे गेली. सोळा वर्षांच्या निंदणीनं तिची बोटं वाकडी झाली होती, ती तिनं मुद्दाम मांडीवर पसरून ठेवली होती. त्यानं सही केली.

एकोणनव्वदच्या आखाजीआधी नाल्याकाठचं सहा एकर अभिमनच्या नावावर चढलं. भिकूबाई त्याच दिवशी शेतात गेली, बांधावरून चारी बाजूंनी फिरली आणि ढेकळात बसून पोटभर रडली. मग डोळे पुसून घरी आली आणि नाना कधी निघतो याची वाट बघू लागली.

नाना जूनमध्ये ट्रॅक्टर ठरवून गेला. परतला एसटीनं, एका पायात वहाण, धोतर फाटलेलं. पाड्यावरच्या माणसांनी मारहाण केली नव्हती. नुसते चाळीसजण काठ्या टेकून भोवती उभे राहिले होते. नाना स्वतःच चिखलात पळाला होता. गावाला ही हकीकत ट्रॅक्टरवाल्यानं मीठमसाला लावून सांगितली. भिकूबाईनं घरोघर गूळ वाटला. कसला गूळ असं कोणी विचारलं नाही, सगळ्यांना माहीत होतं. आणि नाना शेताजवळून जाताना दिसला तेव्हा ती बांधावर उभी राहून, पेरणीला आलेल्या सगळ्या बायांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली,

“काय नाना, तुम्हना पाकिस्तानमा पानी पडनं का?”

बाया हसल्या. इतक्या हसल्या की एक तर खालीच बसली. नाना मान वळवून निघून गेला. त्या दिवशी भिकूबाई दोन भाकरी जास्त जेवली. सूड गोड असतो की नाही यावर शहाणी माणसं काहीही सांगोत, भिकूबाईला तो आमरसापेक्षा गोड लागला.

पण नाना घरात तोंड लपवून बसणाऱ्यातला नव्हता. हिवाळाभर त्याचं धुळ्याला जाणं-येणं सुरू झालं. कुठे शिकवलेला पोरगा साहेब झालेला, कुठे व्याह्याची ओळख. त्यानं अर्ज केले, नोटिसा काढवल्या, मोजणी आणवली. पुढच्या उन्हाळ्यात बातमी आली की नानाला बंदोबस्तात ताबा मिळाला.

ते ऐकून भिकूबाईचं अंग जळलं. का जळलं, तेही सांगून टाकतो. तिला लाजवण्यासाठी नव्हे, पण खोटं कशाला बोलू? सुमली तिच्या मनातही आली नाही. तिला एवढंच वाटलं की आपले सहा आणि त्याचे दहा, मेला पुन्हा जिंकला. अभिमननं मात्र त्या दिवसापासून तिच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. ती म्हणाली, येईल राग निवळून.

नव्वदच्या दिवाळीनंतर शेत कापसानं पांढरंशुभ्र झालं. गावातल्या बाया पुरेनात, म्हणून भिकूबाईनं मुकादमाला सांगून डोंगरातली एक टोळी वेचणीला आणवली. दहा-बारा माणसं नाल्यातून वर आली. त्यांत एक उंच, काळीसावळी बाई होती, पाठीशी तान्हं मूल बांधलेलं. ती ओळीला न लागता सरळ भिकूबाईकडे आली.

“इथं एक फौजी बाबा राहतो ना? अभिमन नाव.”

“काय काम शे?”

“त्यानं आमच्या घरी भाकर खाल्ली होती. म्हणाला, मी येणार नाही, तुम्ही पेरा. आम्ही पेरलं.” बाई रागानं बोलत नव्हती. खूप दिवस मनात घोकलेलं सांगत होती. “मग त्याच्या नावाचा कागद घेऊन दुसराच आला. पोलिस आले. घर ट्रॅक्टरनं पाडलं. माझा माणूस आडवा झाला, त्याला धरून नेलं. बाबाला एवढंच विचारायचंय, कागद कोणी दिला?”

भिकूबाईच्या जिभेवर उत्तर तयार होतं. नाना. सगळं नानानं केलं. गेली अठरा वर्षं प्रत्येक गोष्टीचं तेच उत्तर होतं आणि ते खरंही होतं.

तेवढ्यात पलीकडच्या बांधावरून अभिमन आला. सुमलीला बघून त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि तो तिच्यासमोर जमिनीवर उकिडवा बसला. त्यानं भिकूबाईकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर ती भांडली असती. राग नव्हता, तो नुसता तिची वाट बघत होता.

“मी देवाडा,” भिकूबाई म्हणाली. “त्यास्ना दोष नही. मी द्यायला लावला.”

सुमलीनं शेतावरून नजर फिरवली. विहीर, कापूस, बांध.

“ह्याच्यासाठी?”

“हा.”

सुमलीनं शिव्या दिल्या नाहीत, ती रडली नाही. पाठीवरचं मूल सोडून तिनं बांधावरच्या सावलीत निजवलं. भिकूबाईला वाटलं, आता ही जाईल. ती गेली नाही. जाणार कुठे?

“तुमचं नाव काय?” तिनं विचारलं.

“भिकूबाई.”

“पूर्ण? माझा माणूस सुटला की विचारेल, कागद कोणी दिला.”

भिकूबाईनं पूर्ण सांगितलं, नवऱ्याच्या नावा-आडनावासकट. सुमलीनं ते हळूच दोनदा म्हणून पाहिलं, नीट पाठ होईतो. मग कमरेला फडकं बांधलं आणि ती पहिल्या ओळीला लागली.