मिशी वाकते ती जागा

नव्या उंदराच्या उजव्या गालावर लांब मिशा एकोणतीस होत्या, डाव्या गालावर अठ्ठावीस. ट्रॅकवर काच एकही नव्हती. हे शमिकाने तीनदा पाहिलं होतं, शेवटच्या खेपेला हाताने चाचपून.

पलासिया भागातल्या त्या तळघरातल्या लॅबमध्ये भर दुपारीही अंधार करून ठेवत. वर कोचिंग क्लासची बाकं सरकायची. खाली उंदीर लाकडी ट्रॅकवर धावायचे आणि त्यांना न दिसणाऱ्या उजेडात कॅमेरा त्यांच्या मिशा टिपायचा. दिवे गेले की आपण स्विच चाचपतो, तसा चालता उंदीर सेकंदाला आठेक वेळा मिशा पुढे-मागे झुलवत समोरचं चाचपतो.

महिनाभर ट्रॅकच्या मधोमध एक उभी काच होती. परवा ती काढली. तरी उंदीर तिथे थबकायचे आणि वळसा घालून जायचे.

"वास राहिला असणार," तिच्या गाइड शालिनी मॅडम म्हणाल्या होत्या. "म्हणजे तुझी साफसफाई कच्ची. मग महिन्याचा डेटा बाद, आणि फेलोशिप वाढवून मागायला मी काय दाखवू? संध्याकाळपर्यंत सांग."

म्हणून शमिकाने ट्रॅकची फळीच बदलली. लॅबमधला सीनियर उन्मेष नवी फळी धरून उभा राहिला. मुलींनाही तो भावासारखं 'भिया' म्हणे.

"काच काढलीस ना भिया, की नुसती घासून चमकवलीस? दिसतच नाहीये!"

"उन्मेषदादा, मजाक नको. इथे माझं सगळं पणाला लागलंय."

"अगं, आदत पडली त्यांना, बस. ज्याने काच पाहिलीच नाही असा सोड. सरळ जाईल बघ."

असा हा नवा उंदीर. तो धावत आला, मधोमध थांबला, मान तिरकी करून त्याने मिशा पुढे नेल्या आणि वळसा घालून गेला.

उन्मेष हसला नाही. त्याने व्हिडिओ हळू करून लावला. मिशी मुळाशी स्नायूने हलते, पण तिची काडी वाकते ती कशाला तरी टेकली तरच. पडद्यावर उजव्या गालावरच्या तीन मिशा वाकल्या, टोकं दबली, मग सुटून सरळ झाली.

"हवा असेल," तो म्हणाला.

"पंखे बंद आहेत."

त्याने त्या जागेतून हात फिरवला. काही लागलं नाही. हात मात्र त्याने बराच वेळ पँटला पुसला.

"आता जिवंत काही नको," शमिका म्हणाली.

पिंजऱ्यातल्या भुशात गळलेली एक मिशी सापडली. ती तिने सुईला चिकटवली आणि सुई मोटरवर सरकणाऱ्या छोट्या गाडीला. हवा लागू नये म्हणून ट्रॅकभोवती चारी बाजूंनी प्लास्टिक ओढलं. स्वतः दाराशी, ट्रॅकच्या टोकाला उभी राहिली. वरचा क्लास सुटला, जिन्यावर पावलं वाजली, मग शांत झालं.

मॅडमचा फोन आला. "बोल. डेटा ठेवायचा की टाकायचा?"

"वास नाही मॅडम. सवयही नाही. एक मिनिट, मोजतेय."

ट्रॅकच्या कडेने नेलेल्या फेरीत मिशी शून्य अंश वाकली. मधून नेलेल्या फेरीत तेरा अंश, काचेच्या जागी. पुढच्या फेरीत तेरा अंश, पण त्या जागेपासून दाराच्या बाजूला दोन सेंटिमीटर. त्यापुढच्या फेरीत तेरा अंश, दाराच्या बाजूला नऊ सेंटिमीटर.