झाडूगाडी जाईपर्यंत

मी एक जुनी झाडूगाडी आहे. हसलात ना, मित्रांनो? हसून घ्या, मला सवय आहे. पण मी कचरा उचलणारी गाडी नव्हे. बारा दिवसांच्या सायकल शर्यतीत सगळ्यांत शेवटी जी गाडी धावते, ती मी. ज्याचे पाय संपले, ज्याचे हाड मोडले, त्याला मी पोटात घेते. माझ्या मागच्या दारावर लांब दांड्याचा एक झाडू उभा बांधलेला आहे. हा विनोद कोणाला सुचला कोण जाणे! दमलेल्या माणसाला कोणी झाडून नेते का?

माझा जन्म कारखान्यात झाला आणि पहिली सहा वर्षे मी इस्पितळांच्या चादरी वाहिल्या. मग शर्यतीच्या समितीने मला विकत घेतले, आतली फळकुटे काढली आणि दोन लांब बाके बसवली. माझ्याबरोबर चालककाका आले. ते तरुणपणी स्वतः शर्यतीत धावले होते आणि एकदा अर्ध्यातून अशाच गाडीत बसून घरी गेले होते. त्यामुळे माझ्यात चढणाऱ्याला ते कधी काही विचारत नसत. घोंगडी देत, कोमट पाणी देत, आणि त्याच्या पाठीवरचा कापडी नंबर समितीला परत करायला काढून घेत. तसा नियमच आहे. नंबर चार पिनांनी लावलेला असतो. थकलेल्या बोटांना त्या निघत नाहीत, म्हणून काका स्वतः हळूच काढत आणि गोळ्यांच्या एका जुन्या डबीत ठेवत.

जो जोरात पळतो तो शर्यत जिंकतो, असे तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटायचे. पण एका संघात आठ जण असतात. त्यांतला एक, म्हणजे म्होरक्या, जिंकायचा आणि उरलेल्या सात जणांनी त्याच्यासाठी झिजायचे. पुढच्याने वारा अंगावर घ्यायचा आणि म्होरक्याने त्याच्या पाठीआड ताजेतवाने राहायचे. बारा दिवसांच्या वेळांची बेरीज होते, ज्याची सर्वांत कमी तो विजेता. शिवाय रोज एक मुदत असते. पहिला आल्यानंतर ठरावीक मिनिटांत पोहोचला नाहीत, तर गाशा गुंडाळायचा.

एका संघात एक सायकलस्वार होता. त्याला सगळे पाणक्या म्हणत, कारण मागून येणाऱ्या संघाच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या घेऊन त्या पुढे म्होरक्यापर्यंत पोहोचवणे हे त्याचे काम. छातीत, पाठीत बाटल्या कोंबून तो चढ चढायचा. "माझ्या कुंड्यांनाही पाणी घाल रे जाता जाता!" असे इतर संघांतले ओरडायचे. तोही हसायचा. मागच्या दोन वर्षांत तो दोनदा माझ्या बाकावर बसून गेला होता, म्हणून मी त्याला चांगली ओळखते.

त्या वर्षी नवव्या दिवशी सकाळी तो काकांकडे आला.

"काका, यंदा तुमच्या गाडीत बसायचं नाही हं. बाराव्या दिवशी शर्यत माझ्या गावात संपतेय. आई पहिल्यांदाच बघायला येणार आहे."

"येऊच नकोस," काका म्हणाले. "तुझी सायकल ठेवायला जागा नाही माझ्याकडे."

त्या दिवशी मोठा घाट होता. घाटाच्या पायथ्याशी म्होरक्याचे पुढचे चाक फुटले. पाणक्याने क्षणाचाही विचार न करता स्वतःचे चाक काढून त्याला दिले. म्होरक्या गेला. पाठोपाठ संघाची गाडी आली. तिच्या टपावर चार चाके होती, मित्रांनो, चार! "आलोच!" असे खिडकीतून ओरडून ती म्होरक्याच्या मागे सुसाट निघून गेली. मी तिथे पोहोचले तेव्हा पाणक्या एका चाकाची सायकल धरून रस्त्याच्या कडेला उभा होता. अकरा मिनिटांनी शर्यतीच्या मोटारसायकलवरच्या माणसाने त्याला चाक दिले. तोवर सगळे पुढे गेले होते. रस्त्यावर तो आणि त्याच्या मागे मी, एवढेच उरलो.

त्याला ढकलायला बंदी, ओढायला बंदी, वाऱ्याला आडोसा द्यायलाही बंदी. काकांच्या हातात एक भोंगा तेवढा होता. त्यांनी तो घाटभर वाजवला. शहरात शिरलो तेव्हा घड्याळाकडे पाहून ते आनंदाने स्टिअरिंगवर थापा मारू लागले. दीड मिनिट राखून तो पोहोचत होता.

आणि वळण घेतो तर काय! लोखंडी कठडे निघालेले. रस्ताभर माणसे, खुर्च्या, दोऱ्या. विजेता येऊन गेला, टाळ्या वाजल्या, फोटो निघाले, मग शर्यत उरली कोणाची? बक्षिसाच्या मंचाच्या फळ्या भरायला एक ट्रक रस्त्यात आडवा मागे येत होता. त्या कामावरच्या मुकादमाने पाणक्याला हात दाखवला.

"थांबा जरा, ट्रक वळतोय."

"अहो, मला जायचंय! शर्यतीत आहे मी!"

"शर्यत? सगळे आले की!"

काकांनी भोंगा दाबून धरला. लोकांनी कानांवर हात ठेवून आम्हालाच शिव्या दिल्या. ट्रकने दोन मिनिटे आणि दहा सेकंद खाल्ले. पाणक्या रेषा ओलांडून गेला तेव्हा मुदत संपून चाळीस सेकंद झाले होते.

"रस्ता तुमच्याच माणसांनी अडवला!" काका मुख्य पंचांवर कडाडले.

"तसं पुस्तकात काही नाही," पंच म्हणाले. "नियम म्हणजे नियम. नंबर काढून घ्या."

काकांनी चार पिना काढल्या. त्या एकेक करून डबीत ठेवल्या.

मी तेही गिळले असते. पण अकराव्या दिवशी काय झाले ते ऐका. त्रेचाळीस जणांचा घोळका ठरवून सावकाश आला, मुदतीनंतर तब्बल नऊ मिनिटांनी. त्यांतल्या दोघांचे चेहरे गावोगावच्या भिंतींवर छापलेले होते. पंच बंद खोलीत दहा मिनिटे बसले आणि बाहेर येऊन म्हणाले, "एवढ्यांना काढलं तर उद्या पळणार कोण?" सगळ्यांना माफी! तेही म्हणे पुस्तकात होते. एकटा उशिरा आला तर चूक, घोळक्याने आलात तर अडचण समजून घ्यायची. नऊ मिनिटे सहज पचली, चाळीस सेकंद मात्र घशात अडकले. माझे इंजिन तापले ते काही चढाने नव्हे.

बाराव्या दिवशी पाणक्या घरी जायला काकांच्या शेजारच्या सीटवर बसला होता. तीन दिवस तो संघाच्या बाटल्या विसळत राहिला होता आणि फोनवर आईला खरे सांगायची त्याला हिंमत झाली नव्हती. म्होरक्या अकरा सेकंदांनी शर्यत जिंकला. त्याने मंचावरून सायकल बनवणाऱ्यांचे, बूट बनवणाऱ्यांचे आणि चाहत्यांचे आभार मानले. चाकाचा उल्लेखही नाही.

आम्ही पोहोचलो तेव्हा पुन्हा तेच. गर्दी पांगलेली, कठडे उचलणे चाललेले. फक्त एका कठड्याला एक बाई दोन्ही हातांनी धरून उभी होती. काम करणारा माणूस काकुळतीला आला होता.

"मावशी, सोडा ना आता. सगळे आले."

"माझा मुलगा यायचाय अजून. तो मागून येतो. त्याच्या मागे झाडू लावलेली गाडी असते, त्यानंच सांगितलंय. ती गाडी जाऊ द्या, मग उचला."

पाणक्या मान खाली घालून उतरला. आईने त्याला पाहिले आणि तिची नजर त्याच्या मागे काहीतरी शोधू लागली.

"सायकल कुठंय तुझी? आणि तो पाठीवरचा नंबर?"

काकांनी गोळ्यांची डबी काढली. घडी घातलेला त्याचा नंबर त्यांनी समितीला परत केलाच नव्हता. त्यांनी तो चार पिनांनी त्याच्या पाठीवर लावला, माझ्या टपावरून त्याची सायकल उतरवली आणि म्हणाले, "दोनशे मीटर उरलेत. जा." तो निघाला. मी मागे. त्या माणसाने हातातला कठडा खाली ठेवला आणि टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणारे दोघेच होते, तो आणि आई.

त्या दोनशे मीटरची नोंद कोणत्याही कागदावर नाही. नोंद झाली ती काकांच्या बेशिस्तीची. पुढच्या वर्षी त्यांना बोलावणे आले नाही आणि मलाही नाही. आता नवी चकचकीत गाडी आहे. झाडू मात्र तिलाही बांधलाय! मी एका गॅरेजच्या मागे उभी आहे. काका महिन्यातून एकदा येतात, माझी काच पुसतात आणि भोंगा वाजतो का ते बघतात. वाजतो.

तेव्हा मित्रांनो, पहिल्यासाठी टाळ्या जरूर वाजवा, पण वाजवून घरी पळू नका. तुमच्या पायांखालच्या रस्त्यावर कोणाची तरी शर्यत अजून चालू असते. त्या आईसारखा कठडा घट्ट धरा, आणि कोणी उचलायला आला तर त्याला ठणकावून सांगा, झाडूगाडी जाऊ द्या, मग उचला.